नामिबिया : वाळवंट आणि वन्यजीव पाहायला कधी जावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः नामिबियाचं आहे. बोत्स्वाना आणि पूर्व आफ्रिका जोडण्याबद्दलचे प्रश्न पुढे येतात. तापमान सेल्सियसमध्ये आणि टायरचा दाब पीएसआयमध्ये दिला आहे.

१. फाटे न फोडता एकच काळ सांगा. कधी जावं?

ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा मध्य. पहाटेची थंडी तोवर बोचेनाशी होते, दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो, उत्तरेच्या इटोशा राष्ट्रीय उद्यानात पाणी फक्त पाणवठ्यांवर उरलेलं असतं आणि पाऊस जवळपास नसतोच. अडचण एवढीच की याच काळात सगळ्या जगाला तिथे जायचं असतं. दर चढलेले, आरक्षण आधीच भरलेलं, आणि आपल्याकडे नेमके गणपती. म्हणून बहुतेक मराठी कुटुंबांना हे उत्तर बरोबर असूनही उपयोगाचं ठरत नाही. त्यांनी थेट प्रश्न ५ आणि ६ वाचावेत.

२. तिथले ऋतू उलटे म्हणजे नक्की कसे?

देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे जून-जुलै हिवाळा आणि डिसेंबर-जानेवारी उन्हाळा. पाऊस उन्हाळ्यात पडतो: सुरुवात नोव्हेंबरात, जोर जानेवारी ते मार्च, एप्रिलमध्ये ओसरतो. कोकणासारखी झड लागत नाही. दुपारी ढग चढतात, तासभर कोसळतो आणि संध्याकाळी आकाश मोकळं. तोही सगळीकडे सारखा नाही. राजधानी विंडहूकला वर्षाकाठी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, नामिब वाळवंटातल्या सोसुसव्लेईला शंभरही नाही, आणि किनाऱ्यावर जवळपास शून्य.

दिवसाची लांबी मात्र हमखास विसरली जाते. वाळवंटात जूनमध्ये सूर्य साडेसातनंतर उगवतो आणि सव्वासहाच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात सहालाच उजाडतं आणि पावणेआठपर्यंत उजेड राहतो. इटोशाची फाटकं सूर्योदयाला उघडतात आणि सूर्यास्ताला बंद होतात, म्हणजे हिवाळ्यात जंगलात फिरायला उन्हाळ्यापेक्षा रोज सव्वादोन तास कमी मिळतात. गाड्या रात्री चालवायच्या नसतात (कुडू ही मोठी हरणं आडवी येतात), त्यामुळे लांबच्या प्रवासालाही हाच हिशोब लागू.

३. कोरड्या दिवसांतच प्राणी जास्त का दिसतात?

ताडोब्याला एप्रिल-मेच्या उन्हात गेलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पाणी आटलं की प्राणी पाणवठ्यावर येतात, पानं झडली की आरपार दिसतं. फरक एवढाच की नामिबियात कोरडे महिने थंडीपासून सुरू होतात, म्हणजे चांगलं दर्शन आणि सुसह्य हवा निदान काही आठवडे तरी एकत्र मिळतात.

इटोशाचं मधलं पांढरं खारं मैदान सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचं आहे आणि वर्षातला बराच काळ ते ठणठणीत कोरडं असतं. प्राण्यांची सगळी मदार दक्षिण काठावरच्या झऱ्यांवर आणि बोअरवेलवर. त्यामुळे पद्धतही साधी: प्राणी शोधत हिंडायचं नाही, पाणवठ्यावर गाडी लावून इंजिन बंद करून बसायचं. ओकाकुयो, हलाली आणि नामुतोनी या मुक्कामांच्या आतच पाणवठे आहेत आणि ओकाकुयोच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. काळा गेंडा पाहायचा असेल तर जेवण उरकून आठ ते अकरा तिथे बसावं. बोलायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही.

एक अपेक्षा आधीच सोडा: इटोशात रानरेडे, पाणघोडे आणि मगरी नाहीत. ते पाहायचे असतील तर ईशान्येच्या झांबेझी पट्ट्यात किंवा बोत्स्वानात जावं लागतं (प्रश्न १५).

४. मे ते ऑक्टोबर सगळाच कोरडा, मग जूनला गेलं काय आणि सप्टेंबरला गेलं काय?

खूप फरक पडतो. हा काळ एकसंध समजणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

मे ते जूनच्या मध्यापर्यंत गवत उंच आणि पिवळं असतं, पावसाची डबकी पुरती आटलेली नसतात. हवा स्वच्छ, धूळ बसलेली, डोंगर धारदार दिसतात. निसर्गदृश्यांसाठी हा काळ वर्षातला सर्वोत्तम, प्राण्यांसाठी मध्यम.

जूनचा उत्तरार्ध ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत कडाक्याची थंडी. पाणवठ्यावरची वर्दळ वाढत जाते, पण सकाळी उशिरा. गारठ्यात झेब्रे, स्प्रिंगबोक हरणं नऊ-दहा वाजता पाण्यावर येऊ लागतात. सिंहांसाठी पहाट गाठावी, बाकीच्यांसाठी घाई नको.

सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे प्राण्यांची गर्दी. हत्तींचे कळप भर दुपारीही पाण्यावर येतात, चिखल अंगावर घेतात आणि इटोशाच्या चुनखडीनं पांढरेफटक दिसतात. ऑक्टोबरात पारा ३५ ते ४०, हवेत धूळ, आकाश धुरकट. छायाचित्रांत क्षितिज दिसेनासं होतं. लेन्स गाडीत बदलू नका. कॅमेऱ्याच्या दोन बॉडी नसतील तर एकच झूम लावून ठेवा.

५. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलं तर चालेल का?

चालेल, आणि आमच्या मते मराठी कुटुंबासाठी हाच सौदा सगळ्यात फायद्याचा. पाऊस संपलेला, हिवाळी गर्दी अजून आलेली नाही, बऱ्याच लॉजचे दर खालच्या पट्टीत. दिवसा २५ ते २८, रात्री १० च्या आसपास किंवा खाली. मुलं थकत नाहीत, गाडीतला एसी दिवसभर लावावा लागत नाही.

तारखा हातात असतील तर एप्रिलच्या शेवटापेक्षा मेचा दुसरा-तिसरा आठवडा निवडा. त्या पंधरा दिवसांत इटोशा बरंच सुकतं. त्या वर्षी पाऊस लांबला असेल तर सिंह-गेंड्यांच्या अपेक्षा कमी ठेवून सोसुसव्लेई आणि किनाऱ्याला एकेक रात्र जास्त द्या. मार्ग दक्षिणेकडून उत्तरेकडे आखा, म्हणजे इटोशा शेवटी येईल आणि तोवर ते आणखी कोरडं झालेलं असेल.

६. आणि दिवाळीच्या सुट्टीत?

हा जुगार आहे, पण डाव वाईट नाही. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आली तर इटोशा भरात असतं, फक्त उकाडा सोसावा लागतो. नोव्हेंबरच्या मध्याकडे सरकली तर पहिल्या सरीचा धोका. एक दमदार सर पडली की जागोजाग डबकी साचतात आणि दोन-चार दिवसांत पाणवठे ओस पडतात. आदल्या आठवड्यातल्या पर्यटकाचे फोटो पाहून गेलेला माणूस हिरमुसतो तो इथेच.

म्हणून दिवाळीत मार्ग उलटा फिरवा: विमानतळावरून आधी इटोशा, मग दगड-डोंगरांचा दमारालँड, किनारा आणि शेवटी वाळवंट. वाळवंटात शेवटी उकाडा वाढलेला असेल, त्यासाठी प्रश्न ८ मधली मुक्कामाची अट पाळाच. नोव्हेंबरात बरेच दर उतरतात, हा त्यातला दिलासा.

७. नाताळात गर्दी असते का? ते तर तिथलं उन्हाळ्याचं टोक.

जंगलात फारशी नाही, किनाऱ्यावर प्रचंड. आतला देश तापला की विंडहूककर स्वाकोपमुंडला पळतात, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शाळांच्या सुट्ट्याही तेव्हाच असतात. किनाऱ्यावरची खोली सहा महिने आधी घ्या. बाकी परिस्थिती प्रश्न ११ प्रमाणे.

८. सोसुसव्लेईला वाळूच तर आहे. तिथे ऋतूनं काय बिघडतं?

बिघडतं ते घड्याळ. सेसरीमच्या फाटकापासून सोसुसव्लेई ६५ किलोमीटर आत आहे: ६० डांबरी आणि शेवटचे ५ मऊ वाळूचे. त्यानंतर डेडव्लेईला वाळूतून सुमारे एक किलोमीटर चालायचं. वेगमर्यादा पाळून तिथे पोहोचायला पावणेदोन ते दोन तास धरा.

फाटकं दोन आहेत. बाहेरचं सूर्योदयाला उघडतं. उद्यानाच्या आत मुक्काम करणाऱ्यांसाठी आतलं फाटक सूर्योदयाच्या सुमारे तासभर आधी उघडतं. आता गणित मांडा. जूनमध्ये बाहेर राहिलात तर साडेनऊच्या सुमारास डेडव्लेईला पोहोचाल. हवा तेव्हाही गार असते, काही फारसं हातचं गेलेलं नसतं. डिसेंबर-जानेवारीत बाहेरून निघून आठला पोहोचाल आणि नऊ-साडेनऊपासून वाळू पाय भाजायला लागेल. दुपारी वाळूचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जाऊ शकतो. म्हणजे हिवाळ्यात आतला मुक्काम ही चैन, ऑक्टोबर ते मार्चमध्ये ती गरज.

डेडव्लेईतली बाभळीची जातवाली काळी वठलेली झाडं सहा-सातशे वर्षांपूर्वी मेली, हवा इतकी कोरडी की ती कुजलीच नाहीत. सगळ्यांना हवा असलेला फोटो म्हणजे तळाला सावली, मागची टेकडी केशरी. तो सूर्योदयानंतर थोडाच वेळ मिळतो, म्हणून आतल्या मुक्कामाचा हट्ट. शेजारची 'बिग डॅडी' टेकडी सव्वातीनशे मीटरच्या आसपास उंच आहे. कड्यावरून चढायला तास-दीड तास, उतरायला तिरक्या अंगानं दहा मिनिटं. माणशी दोन लिटर पाणी आणि बंद बूट. उन्हाळ्यात चपला-सॅंडलवर चढलेल्यांच्या पायाला फोड येतात.

ऑगस्टपासून दुपारचा वारा वाढतो आणि वाळू उडते. टेकडीवरचा सूर्यास्त हवा असेल तर मे-जून बरे.

९. ते शेवटचे ५ किलोमीटर स्वतः गाडी घालावी का?

फोर बाय फोर असेल आणि वाळूत चालवायची सवय असेल तरच. नसेल तर पार्किंगपासून शटल मिळते, ती घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही. घालायचीच तर टायरचा दाब १६ ते १८ पीएसआयवर उतरवा, लो रेंज लावा, चाकोरी सोडू नका आणि चढावर थांबू नका. रुतलात तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाकं खोल जातात. उतरा, चाकांपुढची वाळू हातानं काढा, दाब आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा आणि आल्या चाकोरीनं मागे घ्या. सकाळची गार वाळू घट्ट असते, दुपारची सैल. सकाळी सहज गेलेली गाडी एकला परतताना रुतते. डांबरीवर आल्यावर हवा पुन्हा भरायची आहे, तेव्हा कॉम्प्रेसर गाडीत आहे ना, हे गाडी ताब्यात घेतानाच पाहा.

१०. आफ्रिकेत थंडी ती किती असणार? स्वेटर पुरेल ना?

पुरणार नाही. जून ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत वाळवंटात आणि विंडहूकजवळच्या पठारावर रात्री पारा शून्याला टेकतो, कधी खालीही जातो. विंडहूक १,६५० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच. त्यात उघड्या सफारी गाडीत पहाटेचा वारा.

थर्मल, फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी आणि हातमोजे. अकरा वाजता यातलं सगळं उतरवून हाफ शर्टवर यायचं असतं, त्यामुळे एक जाडजूड कोट घेण्यापेक्षा पातळ थर बरे. तंबूत राहणार असाल तर शून्य अंशाला चालेल अशी स्लीपिंग बॅग मागून घ्या. भाड्याच्या गाडीबरोबर येणाऱ्या पांघरुणावर विसंबू नका. बऱ्याच लॉजमध्ये खोलीत हीटर नसतो, गरम पाण्याची पिशवी मिळते.

११. पावसाळ्यात, म्हणजे जानेवारी ते मार्च, जाणं वेडेपणा आहे का?

पहिल्यांदाच जाणाऱ्यानं सिंह-हत्तींसाठी जाऊ नये. दुसऱ्यांदा जाणाऱ्यानं जरूर जावं. मोपेनची झाडं पालवतात, गवत कमरेला येतं, मोठे प्राणी विखुरतात आणि तासन्‌तास काही दिसत नाही. उलट स्प्रिंगबोक आणि झेब्र्यांची पिल्लं, विणीच्या रंगातले पक्षी, उत्तरेकडून आलेले स्थलांतरित आणि संध्याकाळचे विजांचे ढग हे सगळं तेव्हाच. पाऊस चांगला झाला तर इटोशाच्या मैदानात उथळ पाणी साचतं आणि फ्लेमिंगो उतरतात. नामुतोनीजवळचा फिशर्स पॅन (पॅन म्हणजे असं खारं, सपाट मैदान) त्यासाठी पाहावा.

वाळवंटात मात्र पावसाळ्यानं फारसं अडत नाही, उकाड्यानं अडतं. त्सौचाब नदीला पूर येऊन सोसुसव्लेईत पाणी भरण्याचा योग काही वर्षांतून एखाद्या वेळी येतो. तो आधी ठरवून गाठता येत नाही. आलाच तर रस्ता काही दिवस बंदही राहू शकतो.

१२. स्वाकोपमुंडला धुकं असतं म्हणतात. मग तिथे कधी जावं?

धुकं बाराही महिने. अटलांटिकमधल्या बेंग्वेला या गार प्रवाहावरून येणारी हवा किनाऱ्याला धुकं आणते, बहुधा सकाळी दाट आणि दुपारपर्यंत विरळ. म्हणून सकाळी विमानातून वाळवंट पाहण्याची सहल ठेवली असेल तर पर्यायी दिवस हाताशी ठेवा. डिसेंबरातही किनाऱ्यावर पारा विशीच्या आसपासच असतो, जाकीट लागतंच.

हिवाळ्यात एक उलटा प्रकार घडतो. मे ते ऑगस्टमध्ये अधूनमधून आतल्या वाळवंटाकडून पूर्वेचा गरम वारा सुटतो. तासाभरात धुकं पळतं, पारा तिशी ओलांडतो आणि वाळूनं रस्ता दिसेनासा होतो. अशा दिवशी किनाऱ्याच्या रस्त्यावर गाडी काढू नका. वाळूचा मारा काचेची आणि रंगाची वाट लावतो आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही.

केप क्रॉसच्या सील वसाहतीत ऑक्टोबरपासून नर हद्द धरतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात पिल्लं जन्मतात. वास भयंकर येतो, कपड्यांनाही लागतो.

१३. वाळवंटातले हत्ती कोणत्या महिन्यात दिसतात?

दमारालँडमध्ये, उगाब, हुआब आणि होआनिब या कोरड्या नद्यांच्या पात्रांत. कोरडे महिने जसे पुढे सरकतात तसे हत्ती पात्रात जास्त राहतात, कारण झाडं आणि जमिनीखालचं पाणी तिथेच. ऑगस्टपासून आना झाडाच्या वळणदार शेंगा पडायला लागतात, त्यांसाठी हत्ती झाडाखाली ठाण मांडतात. हे झाड उलट्या चालीचं: पावसात पानं गाळतं, कोरड्या दिवसांत हिरवं. जानेवारी ते मार्चमध्ये या नद्या अचानक वाहतात आणि पात्रातून जाणाऱ्या वाटा बंद होतात. पात्रात स्वतःची गाडी घालण्यापेक्षा स्थानिक मार्गदर्शकाबरोबर जाणं हत्तींच्याही हिताचं.

१४. कूनोचे चित्ते नामिबियातून आले. मग तिथे चित्ता सहज दिसत असेल ना?

सहज नाही. १७ सप्टेंबर २०२२ रोजी कूनोत सोडलेले आठ चित्ते नामिबियाचे खरे, पण तिथले बहुतेक चित्ते राष्ट्रीय उद्यानांबाहेर, खासगी शेत-कुरणांवर राहतात. सिंह आणि तरस तिथे कमी, म्हणून. इटोशात दिसला तर नशीब. चित्ता पाण्यावर फारसा अवलंबून नसल्यानं प्रश्न ३ चं गणित त्याला लागू पडत नाही. त्याला उघडं मैदान आणि स्प्रिंगबोक लागतात. गवत बसल्यावर, म्हणजे जुलैपासून पुढे, लांबून नजरेस पडण्याची शक्यता वाढते. ओटजिवारोंगो परिसरातल्या चित्ता संवर्धन केंद्रात तो जवळून पाहता येतो आणि तिथे ऋतूची अट नाही.

१५. ओकावांगोही जोडायचं आहे. तिथेही तोच काळ चांगला का?

योगायोगानं हो, पण कारण वेगळं. ओकावांगो हा बोत्स्वानातला नदीचा त्रिभुज प्रदेश. त्याचं पाणी अंगोलाच्या डोंगरांत पडतं आणि सपाट जमिनीवरून इतकं सावकाश सरकतं की बोत्स्वानात माउनजवळ पूर जून ते ऑगस्टमध्ये येतो, म्हणजे तिथे थेंबही पडत नसताना. मोकोरो या अरुंद होडीतून हिंडायचं असेल तर जून ते ऑगस्ट. ऑक्टोबरात पाणी ओसरतं. होडी फिरवायची जागा कमी, जमिनीवरचे प्राणी जास्त. चोबे नदीकाठचे हत्तींचे मोठे कळप ऑगस्ट ते ऑक्टोबरात.

विंडहूक ते माउन रस्त्यानं आठशे किलोमीटरच्या आसपास. भाड्याची गाडी सीमेपार न्यायला कंपनीचं पत्र लागतं, ते बुकिंगच्या वेळीच मागा. दोन्ही देश मिळून पंधरा दिवसांपेक्षा कमी असतील तर एकच देश नीट करा.

१६. कालाहारीला मात्र पावसात जा असं वाचलं. मग हे सगळं उलटं कसं?

बरोबर वाचलंत, हा खराखुरा अपवाद आहे. बोत्स्वानातल्या मध्य कालाहारीत कायमचं पाणी जवळपास नाही, त्यामुळे पाण्यावर गर्दी होण्याचा प्रश्न येत नाही. पाऊस पडला की डिसेप्शन व्हॅलीसारख्या जुन्या नदीपात्रांत कोवळं गवत येतं, गेम्सबोक (लांब शिंगांची हरणं) आणि स्प्रिंगबोक तिथे जमतात आणि मागोमाग काळ्या आयाळीचे सिंह आणि चित्ते. काळ जानेवारी ते एप्रिल. मकगाडिकगाडी आणि न्खाई पॅनकडे हजारो झेब्रे येतात तेही पावसातच.

किंमत मोजावी लागते ती चिखलात. पॅनची माती ओली झाली की साबणासारखी होते आणि मदत येईपर्यंत दिवस जाऊ शकतो. निदान दोन गाड्या, सॅटेलाइट फोन, माणशी रोजचं पाच लिटर पाणी आणि दोन दिवसांचं जादा. हे जमत नसेल तर दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं कगालागाडी उद्यान बरं; तिथे ऑब आणि नोसोब नद्यांच्या कोरड्या पात्रांत बोअरवेलचे पाणवठे आहेत आणि हिवाळ्यातही दर्शन चांगलं होतं. थंडी मात्र नामिबियापेक्षा कडक: रात्री उणे पाच-सात नवल नाही.

१७. याच सहलीत सेरेंगेटीचं स्थलांतर बसेल का?

बसवू नका. विल्डबीस्ट या कळपानं फिरणाऱ्या प्राण्यांची वीण टांझानियातल्या दक्षिण सेरेंगेटीत साधारण जानेवारीअखेर ते मार्चमध्ये होते, केनियाच्या सीमेजवळ मारा नदी ओलांडणं जुलै ते ऑक्टोबरात. दुसरा काळ नामिबियाशी जुळतो, पण मध्ये हजारो किलोमीटर आणि दोन-तीन विमानं. तरी केनिया जोडायचाच असेल तर पीतज्वराची लस घ्या. परत येताना भारतात तिचा दाखला मागतात आणि तो लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य होतो.

१८. आकाशगंगेचे फोटो काढायचे आहेत. महिना कोणता?

जून ते ऑगस्ट, आणि अमावास्येच्या अलीकडचे-पलीकडचे पाच दिवस. दिनदर्शिका उघडून आधी अमावास्या शोधा आणि वाळवंटातल्या रात्री त्याभोवती बसवा. मुंबईहून आकाशगंगेचा गाभा दक्षिणेला बेचाळीस अंशांपर्यंतच वर येतो. नामिबियात तो हिवाळी रात्री जवळपास डोक्यावर असतो. नामिब वाळवंटाच्या कडेचं नामिबरँड हे खासगी अभयारण्य २०१२पासून आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय रिझर्व्ह', म्हणजे अंधारं आकाश जपलेलं क्षेत्र आहे. ऑक्टोबरात गाभा संध्याकाळीच पश्चिमेला कलतो, पावसाळ्यात ढगांचा भरवसा नाही. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जादाची खिशात, अंगाजवळ ठेवा.

१९. मलेरियाचा धोका कधी?

पावसात आणि त्यानंतर दोन-तीन महिने, तोही उत्तरेत: इटोशा, कावांगो, झांबेझी पट्टा. सोसुसव्लेई आणि किनाऱ्यावर धोका नसल्यात जमा. मेमध्ये इटोशाला जात असाल तर 'हिवाळा आहे' म्हणून गोळ्या टाळू नका. पावसाचा शेवट ताजाच असतो. मुलांचा डोस वजनावर ठरतो, निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा.

२०. ऋतूनुसार गाडी बदलावी लागते का?

कोरड्या दिवसांत मुख्य मार्ग साध्या पण उंच गाडीनं होतात. खडीच्या रस्त्यांवर टायरचा दाब २६ पीएसआयच्या आसपास आणि वेग ८० च्या आत. अपघात बहुतेक वळणावर किंवा खडीच्या ढिगात स्टिअरिंग झटकल्यानं होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात रस्त्यावर पन्हाळीसारख्या लाटा उठलेल्या असतात, हाडं खिळखिळी होतात. रोजचा पल्ला साडेतीनशे किलोमीटरच्या आत ठेवा. विंडहूक ते सेसरीम तेवढाच आहे आणि त्याला पाच तास लागतात. दुसरं स्टेपनी टायर पैसे देऊन घ्या.

पावसाळ्यात फोर बाय फोर घ्याच. कोरडी नदी वाहती दिसली तर थांबा. बहुतेकदा काही तासांत पाणी उतरतं. जे पाणी चालत ओलांडता येत नाही त्यात गाडी घालायची नाही.

२१. आरक्षण किती आधी करावं, आणि कुठून सुरुवात?

जुलै ते ऑक्टोबरसाठी आठ ते बारा महिने, मेसाठी चार-पाच महिने, फेब्रुवारीसाठी महिनाभरही पुरतो. आधी दोनच जागा पक्क्या करा: सेसरीमच्या फाटकाच्या आतला मुक्काम आणि इटोशातला ओकाकुयो. या मिळाल्या की बाकीचा मार्ग त्यांच्या तारखांभोवती बसतो. उलट केलं तर बसत नाही. विमानाचं तिकीट यानंतर. मुंबईहून विंडहूकला थेट विमान नाही, एक थांबा धराच. इटोशाला निदान तीन रात्री द्या, त्यातल्या दोन वेगवेगळ्या मुक्कामांत, कारण ओकाकुयो ते नामुतोनी हे १४० किलोमीटर पाणवठे करत जायला अख्खा दिवस लागतो.

२२. सगळं ठरलं आणि त्या वर्षी हवामानच फिरलं तर?

फिरतं. नामिबियात सरासरी पाऊस ही कागदावरची गोष्ट. एक वर्ष कोरडं, पुढचं दुप्पट. २०२४ मध्ये दुष्काळामुळे सरकारनं आणीबाणी जाहीर केली होती. २०२५ च्या सप्टेंबरात, ऐन हंगामात, इटोशात मोठा वणवा लागून उद्यानाचा बराच भाग जळाला.

निघण्याआधी तीन आठवडे मुक्कामाच्या ठिकाणी ईमेल करून दोन गोष्टी विचारा: शेवटचा मोठा पाऊस कधी झाला, आणि कोणते पाणवठे, रस्ते बंद आहेत. आठवड्याच्या आत इटोशात मोठा पाऊस झाला असेल तर तिथली एक रात्र कमी करून दमारालँडला द्या, तिथे दगड आणि डोंगर हवामानावर रुसत नाहीत. वणवा लागला असेल तर मुक्काम लगेच रद्द करू नका. आग बहुधा गवत-झुडपांच्या पट्ट्यात पसरते, पाणवठ्याभोवतीची उघडी, तुडवलेली जमीन बऱ्याचदा वाचते आणि प्राण्यांना पाण्यावर यावंच लागतं. रद्द करायचंच ठरलं तर शुल्काची तारीख आधी वाचा. हंगामात बऱ्याच ठिकाणी तीस दिवसांच्या आत पैसे परत मिळत नाहीत, पण तारीख बदलून मागितली तर पुष्कळदा देतात.